दीड तिकिटात कोल्हापूर

१७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि सांगली-मिरजेकडच्या नवरा-बायकोंचं एक जुनं गणित सोपं झालं. दोघांनी कोल्हापूरला जायचं तर आता दीड तिकीट पुरतं. अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. जयसिंगपूर, हातकणंगले मागे टाकत एसटी दीडेक तासात पोचवते. रेल्वेने जायचं तर मिरजेहून गाड्या आहेत आणि हा मार्ग १८९१ पासूनचा आहे. म्हणजे प्रवासाची अडचण कधीच नव्हती. अडचण होती ती निमित्ताची. लग्नाचा बस्ता, डॉक्टर, कोर्टाची तारीख, नाहीतर अंबाबाईचं दर्शन, यांपैकी काहीतरी सांगावं लागायचं. ‘असंच, फिरायला’ म्हटलं की घरातले वडीलधारे चष्म्यावरून बघायचे.

असंच फिरायला जाणाऱ्यांसाठी कोल्हापूर फार सोयीचं गाव आहे. बघण्या-खाण्याची ठिकाणं एकमेकांना खेटून आहेत आणि दुपारभर चालत हिंडता येतं. पथ्य एकच: त्याच दिवसात जोतिबा आणि पन्हाळा कोंबू नये. पन्हाळा जुलै २०२५ मध्ये इतर मराठा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्याला स्वतंत्र दिवस द्यावा, तेवढा त्याचा मान आहे.

सकाळी उतरल्यावर पहिला प्रश्न मिसळीचा. फडतरे, चोरगे की बावडा, यावर कोल्हापुरात घराघरांत तट आहेत, त्यात पाहुण्यांनी पडू नये. इथे मिसळीबरोबर लादीपाव येत नाही, ब्रेडच्या स्लाइस येतात आणि त्यांनाच पाव म्हणतात. कट मागाल तितका मिळतो. मात्र पहिल्याच घासाला ‘अजून तिखट करा’ असं सांगायची मर्दुमकी नवऱ्यांनी बायकोसमोर दाखवू नये. पुढे दुपारचं जेवण शिल्लक असतं.

अंबाबाईचं दर्शन लवकर उरकावं. देवळाचा गाभारा पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळतीची किरणं थेट आत येतात. तो किरणोत्सव. एका दिवशी किरणं चरणांशी, पुढच्या दिवशी आणखी वर आणि सगळं जुळून आलं तर चेहऱ्यापर्यंत. ढग किंवा वाटेतली बांधकामं आडवी आली की ती खेप हुकते. त्या दिवसांत जायचं तर गर्दीची तयारी ठेवूनच जावं.

बहुतेक जोड्या देवळातून थेट न्यू पॅलेसला जातात. मेजर मँट यांनी आखलेला, १८८४ मध्ये पूर्ण झालेला हा काळ्या दगडाचा राजवाडा देखणा आहेच. तरी तासभरच हातात असेल तर तो टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयाला द्यावा. तिथे पितळी हंडे, तोफा, शिल्पं, आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत, पण नजर शोधत जावी ती एका चिमुकल्या कांस्यमूर्तीकडे. वीतभर उंचीचीही नसलेली, दाढीवाली, पिळदार अंगाची ही मूर्ती आहे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची. तो सापडला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर, १९४० च्या दशकातल्या उत्खननात. त्याच्या हातातला त्रिशूळ आता नाही. सह्याद्रीच्या अलीकडे, समुद्र दिसत नाही अशा गावात समुद्राचा देव कसा आला? सातवाहन काळात भूमध्य समुद्राकडच्या देशांशी चालणाऱ्या व्यापाराने तो आणला. घाट चढून आलेला माल इथवर पोचत होता, याचा हा मुठीत मावणारा पुरावा. इतकी मोठी गोष्ट इतक्या लहान मूर्तीत असल्यामुळे बरेच लोक तिच्यासमोरून न थांबता पुढे जातात.

दुपारी मटणाचं ताट. तांबडा रस्सा सगळ्यांना ठाऊक असतो. नवख्या माणसाने पांढऱ्याकडे लक्ष द्यावं. मटण शिजवलेल्या पाण्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ घालून केलेला हा रस्सा जिभेला गार करतो आणि तांबड्याचा पुढचा घोट घ्यायला मोकळं करतो. वाटी रिकामी झाली की वाढपी न विचारता भरतो. मटण न खाणाऱ्यांनी खासबागेजवळची भेळ गाठावी. जाता जाता मैदानही बघून घ्यावं. राजर्षी शाहू महाराजांनी रोममधलं कलोसियम पाहिल्यावर बांधून घेतलेला हा कुस्तीचा आखाडा १९१२ चा आहे. त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं, तेव्हा नाटकाशी संबंध नसलेली माणसंही रस्त्यावर उभी राहून रडत होती.

खरेदी भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाईनमध्ये. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीच्या मॉडेलांच्या पायांत अगदी अशाच चपला दिसल्या आणि कोल्हापूरचं नाव न घेतल्याबद्दल गदारोळ झाला. २०१९ मध्येच या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. विकत घेताना हातात धरून उलटी करावी. अस्सल चपलेला खिळा नसतो, शिवण चामड्याच्या वादीची असते. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या चामड्याचा वास रेक्झिनला येत नाही. दोन्ही बाजूंना निघालेले कान, वरचा पट्टा, अंगठा हे सगळं हाताने दाबून बघावं. बायका मापाला सैल जोड उचलतात आणि दुकानदार हमखास सांगतो, ‘वहिनी, जरा घट्टच घ्या. चार दिवसांत पायाला बसतंय बघा.’ त्याचं ऐकावं, चामडं सैलावतंच. पावसाळ्यात मात्र ही चप्पल घालू नये आणि अधूनमधून तेल द्यावं. भावात घासाघीस करताना एक जोड हाताने करायला किती वेळ जातो तेही विचारावं. उत्तर ऐकल्यावर बरेच जण घासाघीस थांबवतात.

संध्याकाळ रंकाळ्यावर. पाणी उतरलं असेल तर संध्यामठ उघडा दिसतो, पलीकडे शालिनी पॅलेस. इथे नवरा-बायको बाकावर बसून कणीस खातात आणि कॉलेजची पोरं बघून न बघितल्यासारखं करतात. तिथून परतताना गंगावेशीतला दूधकट्टा. म्हशी दारात उभ्या असतात आणि समोर धार काढून फेसासकट ग्लास हातात येतो. पोट नाजूक असेल त्याने बघण्यावरच भागवावं, कच्चं दूध सगळ्यांना सोसत नाही.

अशा सहलीला खर्च किती, तर दीड-दीड तिकीट येता-जाता, दोन वेळचं खाणं आणि एखादा चपलेचा जोड. मुक्कामाचा खर्च नाही, रजा एकाच दिवसाची. नवरात्र आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. संग्रहालयाच्या सुट्टीचा वार आणि सांगलीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र सकाळी उतरल्याबरोबर विचारून ठेवा.