बारा-डीची यादी आणि दिघोरीचा फेरा

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं. हा दिवस त्याच्या आदल्या आठवड्यातला. मी नोकरीनिमित्त दिघोरीत राहणारा शिक्षक; त्या निवडणुकीत साकोली मतदारसंघातल्या एका गृहमतदान पथकाचा प्रमुख होतो.

सकाळी ६
चहा घेऊन, डबा बांधून निघालो. हलक्या धानाची कापणी उरकून बांध्यांमध्ये पुंजणे लागले होते, भारी धान अजून उभंच होतं. शाळेला सुट्टी नव्हती, पण आदेश हातात पडला की वर्ग दुसऱ्या गुरुजींच्या गळ्यात.

सकाळी ७:३०, साकोली
निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात साहित्य ताब्यात घेतलं. मतपत्रिका अनुक्रमांक पाहून मोजायच्या आणि मगच सही ठोकायची. बाकी सामान साधंच असतं: प्रतिज्ञापत्राचा नमुना १३-ए, लहान लिफाफा १३-बी, मोठा लिफाफा १३-सी, डिंक, शिक्का, पुठ्ठ्याचा आडोसा आणि कुलपाची पेटी. सोबतीला दुसरे मतदान अधिकारी, सूक्ष्म निरीक्षक, पोलीस शिपाई आणि व्हिडिओवाला.

यादीत नाव आपोआप येत नाही. वयाची ८५ वर्षं पूर्ण असलेला किंवा किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेला मतदार नमुना १२-डी भरून मागणी करतो, तेव्हाच पथक त्याच्या दारी जातं. वयाची ही अट आधी ८० होती, २०२४ मध्ये ८५ झाली. अर्जाला मुदत अधिसूचनेनंतरचे पाचच दिवस. अधिसूचना २२ ऑक्टोबरची, म्हणजे घराघरांत दिवाळीची सारवासारव चालू असताना बीएलओ फॉर्म घेऊन फिरत होते.

सकाळी ९:३०, दिघोरी
पहिलंच घर एका आजीचं. आम्ही येणार हे उमेदवारांनाही कळवलेलं असतं, त्यामुळे दोन पक्षांचे प्रतिनिधी अंगणात हजर होते. त्यांना पाहता येतं, आडोशापलीकडे डोकावता येत नाही. ओळखपत्र तपासलं, प्रतिज्ञापत्रावर आजीचा अंगठा घेतला आणि लगेच साक्षांकनाची माझी सही केली. घरी घेतलेलं मत टपाली मतच धरलं जातं, आणि टपाली मताचा जीव या सहीत असतो. ती राहिली तर मतमोजणीला आतला लिफाफा न फोडताच मत बाद होतं.

आजीनं आडोशामागे खूण केली आणि मतपत्रिका घडी घालून लहान लिफाफ्यात टाकली. त्या लिफाफ्यावर मतपत्रिकेचा अनुक्रमांक असतो, तोच प्रतिज्ञापत्रावर. दोन्ही जुळवून पाहिले, डिंक लावला, मग लहान लिफाफा आणि प्रतिज्ञापत्र मोठ्या लिफाफ्यात घालून पेटीत सोडलं. मत कुणी दिलं हे बाहेरचा कागद सांगतो. कुणाला दिलं हे आतल्या घडीतच राहतं.

निघताना आजी म्हणाली, "झेडपीलेबी अशीच पेटी घेऊन येता का जी, गुरुजी?"

नाही म्हणावं लागलं. ही सोय भारत निवडणूक आयोगाची, लोकसभा-विधानसभेपुरती. जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे हा बारा-डी चालत नाही. भंडारा जिल्हा परिषदेची मागची निवडणूक दोन टप्प्यांत झाली होती, २१ डिसेंबर २०२१ आणि १८ जानेवारी २०२२ ला. "दोन्ही खेपेला नातवाच्या मोटरसायकलवर बसून गेलती," आजीनं हिशेब दिला.

सकाळी ११:३०
पुढच्या घराला कुलूप. म्हातारबा लेकीकडे गेलेले. शेजारी म्हणाला, "राहू द्या ना जी, वीस तारखेले बूथवर आणून टाकू." तसं होत नाही. बारा-डी मंजूर झाला की मतदार यादीत नावापुढे 'पीबी', म्हणजे पोस्टल बॅलट, लागतं आणि मग केंद्रावर मत देता येत नाही. आम्ही दुसऱ्यांदा येतो, तिसऱ्यांदा नाही. दुसऱ्या फेरीची तारीख शेजाऱ्याकडून वदवून घेतली आणि लेकीला फोन लावायला लावला.

दुपारी १
रस्त्याकडेला डबे उघडले. शेजारच्या खळ्यावर मळणी यंत्र चालू होतं, भाजीवर कोंडा येऊन बसत होता. पलीकडच्या भिंतीवर मंडईच्या नाटकाचं पोस्टर. शिपाईदादा त्यातली नटमंडळी वाचून दाखवत होते. राजकारण सोडून बोलायला विषय मिळाल्याचं सगळ्यांनाच बरं वाटलं.

दुपारी २:३०
दोन्ही पायांनी अधू असलेला तरुण. घरात सात-आठ माणसं, सगळ्यांना कौतुक. त्यानं मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "हे सगळे बाहेर जातीन का?" थोरल्या भावासकट सगळ्यांना ओसरीवर काढलं. बूथवर भिंती असतात, शंभर मीटरची हद्द असते. इथे ती हद्द आपल्यालाच आखावी लागते.

दुपारी ४
डोळ्यांनी दिसत नाही असे एक बाबा. अशा मतदाराला मदतीसाठी सज्ञान सोबती घेता येतो. लेक पुढे सरसावला. बाबा म्हणाले, "तू नोको. सुनबाईले बोलव." निवड मतदाराची असते. सूनबाई पदर खोचून आली, लेक अंगणात जाऊन बसला. व्हिडिओत सगळं आहे, आवाजासकट.

संध्याकाळी ६:३०, साकोली
वापरलेल्या, उरलेल्या आणि घेतलेल्या मतपत्रिकांचा ताळा बसेपर्यंत कुणी घरी जात नाही. बसला. पेटी जमा केली, पोच घेतली.

रात्री ८
माझं स्वतःचं मत राहिलंच होतं. नाव तुमसरच्या यादीत, ड्युटी साकोलीत. म्हणून नमुना १२ भरला होता. पूर्वी कर्मचारी मतपत्रिका घरी नेत आणि टपालानं पाठवत. २०२३ मध्ये नियम बदलला आणि आता सुविधा केंद्रातच मत द्यावं लागतं. घरी नेलेल्या मतपत्रिकेवर कुणाकुणाची नजर पडे, हे नोकरदार घरांना ठाऊक आहे. केंद्रावर माझ्या प्रतिज्ञापत्रावर दुसऱ्या कुणीतरी साक्षांकन केलं. मी तीनदा पाहिलं.

हा सोस कशासाठी, ते २३ नोव्हेंबरला कळलं. सकाळी ८ वाजता टपाली मतांपासून मोजणी सुरू झाली आणि अखेर साकोलीतून नाना पटोले निवडून आले ते २०८ मतांनी. आयोगाचा नियम आहे की विजयाचं अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी भरलं, तर ती सगळी बाद मतं निकालाआधी पुन्हा तपासायची. पण अंगणातच सही राहून गेली असेल, तर ती फेरतपासणीत कुठून येणार? पुढच्या खेपेला पथकात नव्यानं येणाऱ्या शिक्षकांना मी एवढंच सांगतो: डिंकाची बाटली उघडण्याआधी सही पाहा, आकडा पाहा.