तिरंगा उतरवण्याची वेळ

ऑगस्टचा दुसरा आठवडा लागला की ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यासारख्या बाजारपेठेत तिरंग्यासाठी फार हिंडावे लागत नाही. 1810 च्या सुमारास इथे दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि पुढे तिचेच लष्कर नावाचे शहर झाले. महाराज बाडा हा त्या लष्कराचा मध्यबिंदू. टाउन हॉल, पोस्ट ऑफिस, व्हिक्टोरिया मार्केट, गोरखी अशा संस्थानी काळातल्या इमारतींनी तो वेढलेला आहे. याच लष्करात, जीवाजीगंजात, मध्य भारत खादी संघ भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्रानिशी राष्ट्रध्वज तयार करतो. असा ध्वज करणाऱ्या संस्था देशात मोजक्याच. कर्नाटकात हुबळीतले बेंगेरी, महाराष्ट्रात नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आणि हे ग्वाल्हेर, ही त्यांतली ठळक नावे. ध्वज नीट तयार कसा होतो, हे या शहराला कुणी शिकवायला नको. फडकवायचा कसा, हेही शाळेपासून सगळ्यांना ठाऊक असते. आपण कमी पडतो ते तो उतरवताना, आणि माझ्या मते ध्वजसंहितेतला आज सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे.

असे म्हणायला कारण आहे. 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने तिरंगा स्वीकारला. त्यानंतर कितीतरी वर्षे सामान्य माणसाला तो ठरावीक राष्ट्रीय दिवशीच लावता येत असे. तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या रायगढ इथे उद्योगपती नवीन जिंदल यांनी आपल्या कारखान्यावर ध्वज लावला, अधिकाऱ्यांनी हरकत घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेले. 26 जानेवारी 2002 पासून नवी ध्वजसंहिता आली, आणि सन्मान राखून ध्वज फडकवणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 23 जानेवारी 2004 रोजी दिला. डिसेंबर 2021 मध्ये यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजाला परवानगी मिळाली. जुलै 2022 मध्ये उघड्यावर किंवा घरावर लावलेला ध्वज रात्रीही ठेवायची मुभा आली. पाठोपाठ घरोघरी ध्वज लावण्याची ‘हर घर तिरंगा’ मोहीम आली. हे सगळे चांगलेच झाले. ध्वज सरकारी कचेरीच्या गच्चीवरून लोकांच्या दारात आला. पण पूर्वी सूर्यास्त झाला की ध्वज खाली घ्यावाच लागे. ती घड्याळाची शिस्त गेली आणि तिच्या जागी माणसाची नजर आली. फाटका, मळका, विस्कटलेला ध्वज लावायचा नाही, हा नियम मात्र तसूभरही सैल झालेला नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: भावना महत्त्वाची, नियमांचा बाऊ केला तर साधी माणसे ध्वज लावायलाच कचरतील. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. म्हणूनच सांगायला हवे की नियम थोडे आहेत आणि साधे आहेत. लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन. केशरी पट्टा वर. भिंतीवर उभा लावला तर बघणाऱ्याच्या डावीकडे. त्याच काठीवर दुसरा झेंडा नको, शेजारचा झेंडा त्याहून उंच नको, ध्वजावर अक्षरे नकोत, जमिनीला किंवा पाण्याला स्पर्श नको. चढवताना झपझप चढवावा, उतरवताना संथपणे, आदराने उतरवावा. राष्ट्रीय दुखवट्यात ध्वज अर्ध्यावर आणण्याआधीही तो क्षणभर टोकापर्यंत नेतात, आणि संध्याकाळी उतरवण्याआधी पुन्हा टोकाला नेऊन मगच खाली घेतात. उतरवणे हासुद्धा सोहळाच आहे, हे यातून किती स्पष्ट दिसते!

दुसरा आक्षेप पैशाचा. खादीचा प्रमाणित ध्वज महाग, पॉलिस्टरचा स्वस्त, मग गरिबाने काय करावे? पॉलिस्टरचा ध्वज कायदेशीर आहे आणि तो लावणाऱ्याचे देशप्रेम रतीभरही कमी नाही. तरी दोन्हींत फरक आहे. प्रमाणित ध्वज हातात घेऊन पाहावा: कडेला जाड पांढऱ्या कापडाची पट्टी, तिच्यातून ओवलेली दोरी, दोरीच्या टोकाला लाकडी गुल्ली, आणि चोवीस आऱ्यांचे निळे चक्र दोन्ही बाजूंनी एकमेकांवर अचूक बसलेले. कापडाचे सूत, वजन, रंगाचा पक्केपणा, शिवण, सगळे तपासूनच तो बाहेर पडतो. इतक्या हातांतून आलेली वस्तू कुणी रस्त्यावर टाकत नाही. जी वस्तू सहज मिळते ती सहज टाकलीही जाते, आणि पॉलिस्टर तर गटारात पडले तरी लवकर कुजत नाही. म्हणून स्वस्त ध्वज घेणाऱ्यावर जबाबदारी कमी नाही, उलट थोडी जास्तच आहे.

मग जीर्ण ध्वजाचे करायचे काय? इथे बहुतेक लोक अडखळतात, आणि ते समजण्यासारखे आहे. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणाऱ्या 1971 च्या कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी ध्वज जाळणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. तर संहिता सांगते की खराब झालेला ध्वज एकांतात, संपूर्णपणे नष्ट करावा, शक्यतो जाळून किंवा त्याची प्रतिष्ठा राखणाऱ्या दुसऱ्या रीतीने. यात विसंगती नाही. कायदा पाहतो तो हेतू आणि जागा. चारचौघांत केलेली विटंबना वेगळी आणि घराच्या अंगणात शांतपणे दिलेला निरोप वेगळा. ध्वजाचे तुकडे करून फडके म्हणून वापरणे, रद्दीत देणे, कचऱ्याच्या गाडीत टाकणे हे मात्र कोणत्याही हेतूने समर्थनीय ठरत नाही. कार्यक्रमात वाटलेले कागदी झेंडेसुद्धा जमिनीवर टाकायचे नसतात. ते गोळा करून याच रीतीने संपवायचे असतात. जी शाळा किंवा मंडळ ते वाटते, त्याच्याच माणसांनी ते परत गोळा करण्याचे कामही अंगावर घ्यावे.

ध्वज चांगल्या स्थितीत असेल तर केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्या पट्ट्याखाली दुमडावा, दोन्ही बाजू आत घ्याव्यात, अशोकचक्र वर राहील अशी घडी करावी आणि ती कोरड्या, स्वच्छ जागी ठेवावी. दोन माणसांना पाच मिनिटे लागतात. यंदा 15 ऑगस्टला गच्चीवर, गॅलरीत किंवा दुकानाच्या दारात तिरंगा लावाल, तेव्हा तो कोण उतरवणार हेही त्याच सकाळी घरात ठरवून टाका.