चाळीस म्हणजे पोती की टन?

भिलाईजवळचं जामुल सिमेंटसाठी ओळखलं जातं. समजा, तिथल्या एका डीलरने एआय एजंटला फर्मावलं, "चाळीसची ऑर्डर टाक." सॉफ्टवेअरमधल्या रकान्यावर नुसतं 'संख्या' लिहिलेलं. पोती की टन? पोतं ५० किलोचं, म्हणजे फरक थेट २० पट! काउंटरवरचा माणूस फोन करून विचारेल. एजंट बहुधा अंदाजाने पुढे जाईल.

एजंट ज्या टूलने ऑर्डर टाकतो, त्याचं वर्णन कसं हवं? 'नवी ऑर्डर नोंदवतं, जुनी बदलत नाही. संख्या ५० किलोच्या पोत्यांत, पूर्णांकात. एकक स्पष्ट नसेल तर ग्राहकाला विचारा.' बस्स.

एआय कंपनी अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या, एजंटला टूलशी जोडणाऱ्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा साचा एजंटपर्यंत पोहोचतो. आतला कोड त्याला सहसा दिसतच नाही, त्यामुळे सगळी भिस्त या चार ओळींवर. आणि नेमक्या याच ओळी डेव्हलपर घाईघाईत उरकतात!

कधी मात्र शब्द सुधारून भागत नाही, टूलच बदलावं लागतं. अँथ्रॉपिकच्याच कोडिंग एजंटचं उदाहरण घ्या. मूळ फोल्डरमधून बाहेर पडला की तो फाइलचे अर्धवट पत्ते देऊन चुकायचा. टीमने पूर्ण पत्ता सक्तीचा केला आणि त्या चुका थांबल्या.

वेबसाइटचं वर्णन एआयपर्यंत पोहोचवण्याचाही असाच प्रयत्न आहे: सप्टेंबर २०२४ मध्ये जेरेमी हॉवर्ड यांनी 'एलएलएम्स डॉट टीएक्सटी' ही साध्या मजकुराची फाइल सुचवली. साइटवर काय कुठे आहे, हे ती एआय मॉडेलला थोडक्यात सांगते.