चौकटींतले महाभारत

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली, तेव्हा कामाला ४७ वर्षे झाली होती. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते धुंडाळली गेली. १९ खंडांच्या या आवृत्तीची पद्धत, तिचे नियम आणि तिच्यावरचे वाद हे सगळे एका साध्या कागदी तक्त्यावर उभे आहे.

महाभारताची एकच प्रमाण पोथी कधी नव्हती. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांत ते प्रांतोप्रांती उतरले आणि उतरता उतरता वाढत गेले. छापखाने आल्यावर घरोघर पोचली ती मुख्यतः नीलकंठी प्रत. नीलकंठ चतुर्धर मूळचा गोदाकाठच्या कोपरगावचा. सतराव्या शतकात त्याने काशीला बसून टीका लिहिली. देशोदेशीच्या प्रती गोळा करून पाठ ठरवल्याचे तो स्वतः सांगतो, पण निवडीचा सविस्तर हिशेब वाचकापुढे ठेवत नाही. प्राध्यापक विंटरनिट्झ यांनी १८९७ च्या पॅरिसमधल्या प्राच्यविद्या परिषदेत शास्त्रशुद्ध आवृत्तीची गरज मांडली. युरोपात ते काम रेंगाळले. पुण्यात ६ जुलै १९१७ रोजी, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, संशोधन मंदिर स्थापन झाले. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचे आश्वासन दिले आणि १ एप्रिल १९१९ रोजी भांडारकरांच्या हस्ते पाठनोंदणी सुरू झाली.

ही नोंदणी कशी होई, ते सावकाश पाहण्यासारखे आहे. एका श्लोकाला एक कागद. कागदावर आडव्या-उभ्या रेघा मारून चौकटी पाडलेल्या. सर्वांत वरच्या ओळीत रूढ पाठाचा श्लोक एका चौकटीत एक अक्षर असा लिहायचा. खालच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी एकेका हस्तलिखिताची खूण. त्या पोथीत जिथे अक्षर वेगळे असेल तेवढीच चौकट भरायची, सारखे असेल तिथे ती कोरी. एखाद्या पोथीत जास्तीच्या ओळी असल्या तर त्या वेगळ्या उतरवायच्या. पूर्ण भरलेला तक्ता समोर धरला की कोणत्या शब्दावर सगळ्या पोथ्या एकमुखी आहेत आणि कुठे त्यांच्या वाटा फुटतात, ते वाचण्याआधीच दिसते. हे काम करणारे लोक पगारावर नेमलेले शास्त्री होते. सर्व पोथ्या पुण्याला आणणे शक्य नव्हते, म्हणून शांतिनिकेतनला आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही नोंदणीची केंद्रे चालली. तंजावरचा तो संग्रह मराठा राजांनी, विशेषतः सरफोजींनी, वाढवलेला.

तक्ता पोथ्यांतला फरक दाखवतो, निवड करत नाही. ती जबाबदारी १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखटणकरांकडे आली. सुखटणकर मुंबईचे, केंब्रिजला गणित शिकलेले, पुढे बर्लिनला संस्कृत व्याकरणावर डॉक्टरेट मिळवलेले. गणिताचा स्वभाव त्यांच्या कामात उतरला आहे. १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्यांनी पोथ्यांची वंशावळ मांडली: उत्तरेची आणि दक्षिणेची शाखा, त्यांतल्या लिपीवार उपशाखा, त्यांचे आपसांतले मिश्रण. एकमेकींशी संपर्क नसलेल्या दोन दूरच्या शाखा जिथे जुळतात, तिथला पाठ बहुधा जुना, हा त्यांचा मुख्य दंडक. काश्मीर आणि केरळ एक बोलत असतील तर मधल्या शंभर पोथ्यांचे बहुमत बाजूला सारता येते.

या न्यायात सर्वांत वजनदार साक्षीदार पुण्यातच होता. मुंबई सरकारच्या हस्तलिखित-शोध मोहिमेत गेओर्ग ब्यूलर १८७५ मध्ये काश्मीरला गेले आणि तिथून भूर्जपत्रावरच्या शारदा लिपीतल्या पोथ्या घेऊन आले. तो सरकारी संग्रह आधी डेक्कन कॉलेजात होता, १९१८ मध्ये संशोधन मंदिराकडे आला. त्यातली महाभारताची भूर्जपत्रांची पोथी खंडित आहे आणि वयानेही फार जुनी नाही. तिने जपलेला पाठ मात्र जुना आणि आटोपशीर आहे. हस्तलिखिताचे वय आणि पाठाचे वय या दोन गोष्टी वेगळ्या, हे ती पोथी शिकवते. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळात एक प्राचीन प्रत सापडली आणि सुखटणकरांच्या बऱ्याच निवडींना तिने दुजोरा दिला. पाठसंपादकाच्या वाट्याला असे भाग्य क्वचित येते.

या पद्धतीने गणपतीने लेखनिक होण्याची कथा मूळ पाठातून परिशिष्टात गेली. सभापर्वाचे संपादक फ्रँकलिन एजर्टन यांनी द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याच्या ओळीही खाली ठेवल्या. लोकांचा रोष समजण्यासारखा आहे, पण काहीही फेकलेले नाही. संशयित शब्दांखाली नागमोडी रेघ, छोट्या भरींना तारांकित क्रमांक, लांब आख्याने परिशिष्टांत, अशी सारी सामग्री पानोपानी हजर आहे. नीलकंठाने न दिलेला हिशेब हाच, आणि या आवृत्तीचा खरा पराक्रम तिच्या तळटीपांत आहे.

सुखटणकर २१ जानेवारी १९४३ रोजी वारले. मुंबई विद्यापीठासाठी महाभारताच्या अर्थावर लिहिलेल्या चार व्याख्यानांपैकी चौथे द्यायचे राहिले. पुढे बेलवलकर आणि प. ल. वैद्य या संपादकांनी काम तडीला नेले. आक्षेप तोवर मिटले नव्हते. फ्रेंच संस्कृतज्ञ सिल्व्हाँ लेव्ही यांचे म्हणणे होते की हरवलेल्या मूळ पाठाचा शोध सोडावा आणि रूढ पाठ छापून खाली पाठभेद द्यावेत. मुखोद्गत परंपरेत वाढलेल्या ग्रंथाला एकच मूळ होते का, हा त्यामागचा प्रश्न आजही खोडता आलेला नाही. संपादकांनी दिलेला पाठ जसाच्या तसा कोणत्याही एका पोथीत सापडत नाही. सुखटणकरांचा दावाही मर्यादित होता: व्यासांची संहिता नव्हे, तर उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जिथवर मागे जाता येते तेवढा जुना पाठ.

इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’ला याच आवृत्तीचा आधार आहे. पण या आवृत्तीवरून होणाऱ्या भाषांतरांत सहसा वरचा मजकूरच येतो, पुरावा गळतो. मग महाभारतात अमुक प्रसंग नाहीच, असे छातीठोकपणे सांगणारे वाढतात. खुद्द संग्रहाची काळजी वेगळीच. भूर्जपत्र हाताळले की तुटते, कागदाला कसर लागते, आणि ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने संस्थेत शिरून नासधूस केली, त्यात पुस्तके आणि हस्तलिखितेही सापडली. शारदा किंवा नेवारी सफाईने वाचणारी माणसे दुर्मीळ होत आहेत. हस्तलिखितांची छायाचित्रे निघतात, पण अक्षर ओळखायला शेवटी शिकलेला डोळाच लागतो. महाभारतावर वाद घालायची ज्याला हौस आहे, त्याने आधी या आवृत्तीच्या एखाद्या पानाचा खालचा अर्धा भाग वाचावा.