वाडगा कुणी केला?

तोक्योच्या उत्तरेला, तोचिगी प्रांतात माशिको नावाचं कुंभारकामाचं गाव आहे. तिथल्या कार्यशाळांत प्रवाशांनाही चाकावर बसवतात. मातीचा गोळा मधोमध बसवायचा, अंगठा रुतवायचा, कड हळूहळू वर ओढायची. हात जरा हलला की वाडगा कलंडतो. शिकवणारा नुसतं बोट लावून तो सावरतो.

प्रवासी जातो, आणि बरंचसं काम त्यानंतर सुरू होतं. माती अर्धवट वाळली की कारागीर बूड तासतो. मग साधारण ८०० अंशांना पहिली भाजणी, मग झिलई, मग सुमारे १२५० अंशांना दुसरी. या सगळ्यात वाडगा १० ते १५ टक्के आकसतो. महिना-दोन महिन्यांनी तो टपालानं घरी येतो.

आता सांगा, हा वाडगा केला कुणी? विचारवंत यानागी सोएत्सू यांनी इथं बौद्ध परंपरेतला 'तारिकी' हा शब्द वापरला. तारिकी म्हणजे आपल्यापलीकडचं बळ. माती, आग, पिढ्यांची सवय यांतून वस्तू घडते, एकट्याच्या कर्तबगारीनं नव्हे. त्यांचे स्नेही हामादा शोजी माशिकोतच राहिले. १९५५ साली त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान मिळाला. पण भांड्यावर ते सही करीत नसत.

मग प्रवाशाचा वाटा शून्य का? तसं नाही. आतल्या बाजूला उमटलेल्या बोटांच्या रेषा त्याच्याच आहेत. 'मी केला' असं त्यानं खुशाल म्हणावं. फक्त त्या 'मी'त किती जण सामील आहेत, हे विसरू नये.