वृद्धाश्रमाची खरी परीक्षा

नवापूर, बोईसर, पालघर या पट्ट्यांतील मुलगे व सुना रेल्वेनें दूर नोकरीस जातात. मग अंथरुणास खिळलेल्या वडील माणसांजवळ दिवसभर बसणार कोण? अशा प्रसंगीं वृद्धाश्रमाचा विचार करावा लागल्यास त्यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं. मातापित्यांच्या निर्वाहासंबंधींच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यानें दर जिल्ह्यांत निदान १५० निराधार वृद्धांची सोय असणारा आश्रम अपेक्षिला आहे. परंतु संख्येवरून शुश्रूषेचें माप होत नाहीं. रात्रीं हांक मारल्यास कोण उठतें, तें विचारावें. निजून असलेल्या माणसाची कूस दर दोन-तीन तासांनीं बदलली नाहीं, तर पाठीवर शय्याव्रण पडतात. सुज्ञ वाचकहो, पैसे भरल्यानें कर्तव्य संपत नाहीं. अधूनमधून न कळवितां जावें, व आपल्या वडील माणसाची पाठ स्वतः पाहून यावी.