परिचारिकेच्या शिक्षणात मनोरुग्णसेवेचे स्थान

कीटकनाशक प्यालेला एखादा शेतकरी जिल्हा रुग्णालयात दाखल होतो. त्याचे पोट धुणे, अॅट्रोपिन देणे, बाहुल्या व श्वास यांवर लक्ष ठेवणे ही कामे परिचारिका सफाईने करते. परंतु शुद्धीवर आलेल्या त्याच रुग्णास, ‘जीव द्यावा असे अजूनही मनात येते काय?’ हा प्रश्न बहुधा कोणीच विचारीत नाही. विचारल्याने नसलेली कल्पना डोक्यात भरेल, अशी भीती असते. ही भीती निराधार आहे, असेच आजवरच्या संशोधनावरून दिसते. उलट विचारणारे कोणी भेटल्याने पुष्कळांचा भार हलका होतो. प्रश्न विचारण्याचे हे धैर्य उपजत नसते, ते शिकवावे लागते. मनोरुग्णपरिचर्या हा विषय केवळ मनोरुग्णालयात नोकरी करणारीपुरता नाही, तो यासाठी.

आपल्याकडे हे ध्यानी येण्यास वेळ लागला. बंगलोर येथे १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. भारतीय परिचर्या परिषदेने हा विषय पदवी अभ्यासक्रमात १९६५ मध्ये आणला. सर्वसाधारण परिचर्येच्या पदविकेत तो १९८६ मध्ये आला. मधल्या एकवीस वर्षांत पदविका घेऊन बाहेर पडलेल्या परिचारिकांनीच वॉर्डांचा बहुतेक भार वाहिला, हे विसरून चालणार नाही.

विषय शिकवावयाचा कसा? हिल्डेगार्ड पेपलाउ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ च्या आपल्या ग्रंथात परिचारिका व रुग्ण यांमधील संबंध हेच उपचाराचे साधन मानिले. या विचाराला धरून संवादनोंदीची पद्धत रूढ झाली. विद्यार्थिनी रुग्णाशी काही वेळ बोलते आणि नंतर लिहिते: रुग्ण काय म्हणाला, आपण काय म्हणालो, त्या क्षणी आपल्या मनात काय आले. समजा, रुग्ण म्हणाला, ‘सिस्टर, रात्री मला आवाज ऐकू येतात.’ नवखी विद्यार्थिनी उत्तरते, ‘काही नाही हो, झोपा स्वस्थ.’ तिसऱ्या रकान्यात मात्र ती प्रामाणिकपणे लिहिते, ‘मला भीती वाटली.’ खरे शिक्षण येथे सुरू होते. ते आश्वासन रुग्णासाठी नव्हते, स्वतःची भीती झाकण्यासाठी होते, हे तिला उमगते. मग ती म्हणावयास शिकते, ‘तो आवाज मला ऐकू येत नाही, पण तुम्हांला येतो आणि त्याने तुम्ही घाबरता, हे मी समजते. तो काय सांगतो?’ शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण आवाज कधी कधी इजा करण्याची आज्ञा देत असतो.

अर्थात नोंद वाचून तीवर चर्चा करणारी अध्यापिका नसेल, तर ही वही इतर वह्यांसारखीच सही घेऊन कपाटात जाते. आमच्या मते आजचे मोठे वैगुण्य हेच होय. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत विद्यार्थिनींना अनुभवासाठी पाठविले जाते खरे. पण अनुभव आणि उपस्थिती या दोन भिन्न गोष्टी आहेत.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ही निकड वाढविली आहे. त्यानुसार रुग्णास साखळदंड घालणे वा एकांतकोठडीत ठेवणे निषिद्ध आहे. तात्काळ इजा टाळण्यास दुसरा उपायच नसेल, तरच त्यास बांधून ठेवता येते; शिक्षा म्हणून किंवा निव्वळ कर्मचारी अपुरे आहेत म्हणून नव्हे. रात्रपाळीस एकट्या असलेल्या परिचारिकेसमोर एखादा रुग्ण हात उगारून उभा राहतो, तेव्हा बोलण्याचे कौशल्य तिच्यापाशी नसेल, तर तिचा हात प्रथम दोरीकडेच जावयाचा.